गॅलरीत टोमॅटोची फुलं गळतात, फळांचं बूड काळं पडतं: चूक कुंडीत, मातीत की पाण्यात?

गॅलरीवाला

गॅलरी ४ फूट बाय १० फूट, पाचवा मजला, वर स्लॅब, समोर अडीच फुटांचा भरीव कठडा. सकाळी साडेसात ते साडेअकरा ऊन. ८ इंची प्लास्टिकच्या कुंड्यांत ४ टोमॅटो आणि ३ मिरच्या आहेत, एका पसरट ट्रेमध्ये कोथिंबीर. सगळ्या कुंड्या जमिनीवर, कठड्याला लागून. भरताना तळाशी दोन इंच खडी, वर बागेतली माती आणि शेणखत निम्मं निम्मं. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत), एक लिटर पाण्यात सपाट चमचाभर. पाणी रोज सकाळी एकदा.

आता तक्रारी. टोमॅटोला पाला उदंड, फुलं येतात आणि गळतात. जी पाच-सहा फळं धरली त्यांचं बूड काळं, चामड्यासारखं झालं. मिरचीच्या शेंड्याची पानं आक्रसली आहेत. कोथिंबीर उगवते आणि बोटभर झाली की आडवी होते. टोमॅटोसाठी अंड्याची टरफलं कुटून घातली, फरक नाही. आधी कशाला हात घालू?

खुरपं

कुंडीला. बाकीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघाल्या आहेत.

८ इंची कुंडी निमुळती असते, काठोकाठ भरली तरी जेमतेम साडेचार-पाच लिटर. त्यातली दोन इंच खडी काढा, राहिली साडेतीन-चार लिटर माती. एवढ्या मातीत झाडाला ओढून घेता येईल असं पाणी सव्वा लिटरच्या वर राहत नाही. फळांवर आलेलं टोमॅटोचं झाड तापत्या दिवसात दोन-तीन लिटर पाणी सहज पितं. म्हणजे सकाळी तुम्ही पाणी घातलंत की दुपारपर्यंत खडखडाट, मग दुसऱ्या सकाळपर्यंत उपवास, मग पुन्हा पूर.

फळाचं बूड काळं पडतं ते या हेलकाव्यामुळे. कॅल्शियम झाडात फक्त वर चढणाऱ्या पाण्याबरोबर जातं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिकडे आधी जातं, म्हणजे पानांकडे. फळाच्या गुळगुळीत सालीतून बाष्प फारसं उडत नाही, त्यामुळे फळाला उरलंसुरलं मिळतं, आणि देठापासून सगळ्यांत लांबचं टोक म्हणजे बूड. पाणी तुटलं की तिथल्या पेशी कोसळतात. हे फळ सुपारीएवढं असताना घडतं, डाग आपल्याला दिसतो नंतर. डागाळलेली फळं सुधारत नाहीत, ती काढून टाका. पुढची फळं पाणी सलग मिळालं तर स्वच्छ येतील.

टोमॅटोला झाडामागे १५ ते २० लिटर माती हवी. १२ बाय १२ इंचांची ग्रो बॅग वरचे दोन इंच सोडून भरली तर साधारण १८ लिटर बसते. मिरचीला ८-१० लिटर पुरे. पालक-मेथीला आकारमानापेक्षा खोली बघा, ६ इंच खोल आणि जेवढं पसरट तेवढं चांगलं.

खताचं प्रमाणही चुकलंय. सपाट चमचा म्हणजे पाचेक ग्रॅम. कुंडीत १९:१९:१९ लिटरला १ ते २ ग्रॅम, तेही १०-१५ दिवसांतून एकदा आणि ओल्या मातीवर. तुमच्याकडचा उदंड पाला हा त्या नत्राचा आहे. फुलं दिसू लागली की १९:१९:१९ बंद करून १३:००:४५ लिटरला १ ग्रॅम द्या. पालाश फळाला चांगलं म्हणून ते वाढवत नेऊ नका, जास्त पालाश कॅल्शियमच्या आड येतं आणि बूड पुन्हा काळं.

ओली माती

खडीबद्दल लिहितो, कारण ही समजूत फार चिवट आहे. तळाला खडी घातली की निचरा सुधारतो असं वाटतं. होतं उलट.

भांडी घासायचा एक सपाट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. कोणत्याही सच्छिद्र वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि त्या थराची जाडी ठरते कणांच्या बारीकपणावर, कुंडीच्या उंचीवर नाही. तुमच्या मिश्रणात हा थर दोन इंचांचा असेल तर ८ इंची कुंडीतही दोन आणि १२ इंची कुंडीतही दोनच. खडी घातल्याने तो थर खडीत उतरत नाही. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि पुरती तुडुंब झाल्याशिवाय खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सोडत नाही. म्हणजे चिखलाचा थर आहे तेवढाच राहिला, फक्त दोन इंच वर सरकला आणि मुळांची कोरडी जागा तेवढी कमी झाली. तळाच्या भोकांवर शेडनेटचा तुकडा टाका, माती वाहून जाणार नाही. भोकं चार-पाच, करंगळी जाईल एवढी. खडी फेकून द्या.

दुसरं, मिश्रण. बागेतली माती जमिनीत चांगली वागते कारण तिच्याखाली आणखी कित्येक फूट माती पाणी ओढून घ्यायला असते, शिवाय गांडुळं आणि मोठी मुळं ती उकरत राहतात. कुंडीत यातलं काही नाही. रोजच्या पाण्याने ती बसत बसत विटेसारखी होते. निम्मी माती म्हणजे जास्त झाली. आकारमानाने ४ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, २ भाग माती, १ भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे). १८ लिटरच्या बॅगेत वर मूठभर निंबोळी पेंड.

कोकोपीट धुऊनच वापरा. नारळाच्या काथ्यात मुळातच सोडियम आणि पालाश बरंच असतं. वीट बादलीत फुगवायची, पिळायची, पाणी ओतून द्यायचं, असं दोन-तीनदा. शेवटचं पाणी फिकट चहासारखं आलं की झालं. ६५० ग्रॅमची वीट फुगून साधारण ८-९ लिटर होते, त्या हिशेबाने घ्या.

एक इशारा: कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की पाणी झिडकारतं. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं, ट्रे भरतो, आपल्याला वाटतं पोटभर पाणी मिळालं, आणि मधला गड्डा कोरडाच. कुंडी उचलून हलकी लागली तर ती टबात चार इंच पाण्यात अर्धा तास ठेवा, खालून शोषून घेईल.

चष्मेवाली

मिरचीचं कोणी बोललं नाही. "आक्रसली" एवढ्यावरून औषध सांगता येत नाही. पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा.

कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढरा कागद शेंड्याखाली धरून शेंडा टिचकीने झटका. कागदावर स्वल्पविरामाएवढे पिवळसर, लांबट जीव पळताना दिसतील. पानाच्या खाली चंदेरी ओरखडेही असतात.

कडा खाली वळून होडी पालथी पडली असेल, पानं अरुंद आणि देठ लांबट झाले असतील तर कोळी, म्हणजे माइट ही बारीक कीड. हा नुसत्या डोळ्याला दिसत नाही, दहापट भिंग लागतं.

पानं बारीक, शिरा जाड, पेरं जवळजवळ येऊन शेंड्याचा गुच्छ झाला असेल आणि झाड हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडत असतील तर विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर उरलेल्या मिरच्याही जातील, टोमॅटोलाही असेच विषाणू ही माशी आणते.

फुलकिड्यांसाठी: कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि पातळ साबण १-२ मिली आधी एकमेकांत घोटून घ्या, मग थोडं थोडं करत लिटरभर पाणी. उलट क्रमाने केलंत तर तेल तरंगत राहतं आणि पहिल्या फवाऱ्यात पानं भाजतात. संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूला, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. फुलकिड्यांची कोशावस्था मातीत असते, म्हणून एका फवारणीत काम होत नाही. निळे चिकट सापळे फुलकिड्यांना, पिवळे पांढऱ्या माशीला.

कोळ्यावर कडुनिंब तोकडं पडतं. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. मात्र तेल फवारल्यानंतर दोन आठवडे गंधक नको आणि पारा ३२ अंशांच्या वर असतानाही नको, दोन्हीत पानं करपतात.

गॅलरीवाला

कडा वर वळल्या आहेत. कागदावर झटकलं, पळणारे पिवळे सापडले.

दोन शंका. खडी काढून मोठ्या बॅगा आणल्या तर गॅलरीवर वजन किती येईल? आणि अंड्याच्या टरफलांचं काय, कॅल्शियम तर त्यात असतंच ना?

खुरपं

असतं, पण कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, आणि ते आम्लात विरघळतं. उदासीन मातीत कुटलेलं टरफल वर्ष-वर्ष तसंच सापडतं. शिवाय तुमच्या मातीत कॅल्शियमची टंचाई नाहीच, टंचाई आहे ते वाहून नेणाऱ्या पाण्याची.

ओली माती

खुरपं, एका बाबतीत असहमत. नव्या मिश्रणात कोकोपीट जास्त आणि वर कोणी आरओचं शुद्ध पाणी घालत असेल तर कॅल्शियम खरंच कमी पडतं. कोकोपीट ते स्वतःकडे धरून ठेवतं आणि पाण्यातून काही येत नाही. तिथे कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. ते दुसऱ्या कोणत्याही खतात मिसळू नका. फॉस्फेट किंवा सल्फेटबरोबर बादलीतच साका होऊन तळाला बसतो. आणि त्यातही नत्र आहे, तेव्हा त्या आठवड्यात दुसरं खत नको. नळाचं पाणी जड असेल तर याची गरजच नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे आरओमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालणं. सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी आणि पानांच्या कडा तपकिरी दिसल्या तर ते आधी बंद, आणि कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं साधं पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढा.

खुरपं

आरओचं मान्य. त्यांनी पाण्याचा प्रकार लिहिला नव्हता, म्हणून मी मातीवरच बोललो.

तिसरा मजला

वजनाचं. भिजलेली बागेतली माती लिटरला १.८ किलोच्या आसपास धरा, वर सांगितलेलं कोकोपीटचं मिश्रण भिजून १.१ किलो. १८ लिटरची बॅग मातीने भरली तर ३२-३३ किलो, मिश्रणाने २० किलो. चार बॅगांना ८० विरुद्ध १३० किलो. हिशेब कायम भिजलेल्या वजनाचा करायचा, उचलून आणली तेव्हाच्या कोरड्या वजनाचा नाही.

भिंतीतून पुढे आलेल्या गॅलरीत तेच वजन कठड्यापाशी ठेवलं की गॅलरी भिंतीला जोडलेली असते तिथे जास्त ताण देतं. म्हणून बॅगा एका कोपऱ्यात गोळा न करता लांबीभर पसरा. स्लॅबला भेगा किंवा गंजाचे ओघळ असतील तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा, मग बॅगा. कठड्यावर आणि कठड्याबाहेर काहीही नको, आतल्या बाजूची टांगती कुंडीसुद्धा तारेने बांधलेली असावी.

आणि खालच्या मजल्याची आठवण ठेवा. प्रत्येक बॅग दोन-अडीच सेंटिमीटर उचललेली, खाली ट्रे, पाणी दोन हप्त्यांत: आधी अर्धं, दहा मिनिटांनी उरलेलं. ट्रेमध्ये थोडं पाणी उतरायला हवं, नाहीतर क्षार साठतात, पण अर्ध्या तासाने ते पुसून घ्यायचं. साठू दिलं तर मुळं कुजतात आणि डासही होतात.

चष्मेवाली

उजेडाचा मुद्दा राहिलाच. "साडेसात ते साडेअकरा ऊन" गॅलरीत येतं की पानांवर? भरीव कठड्याला चिकटून जमिनीवर ठेवलेल्या ठेंगण्या झाडाला कठड्याचीच सावली असते. सूर्य वर चढून ऊन कठड्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत वरच्या स्लॅबची सावली उतरायला लागते. कठड्याच्या माथ्यालगतच्या जागेला सगळ्यांत जास्त वेळ ऊन मिळतं. एका मोकळ्या दिवशी दर तासाला फोनवर एक फोटो काढा, मग पानांवर खरंच किती तास पडतं ते कळेल.

ऊन पानांना हवं, कुंडीला नाही. तेव्हा टोमॅटोची बॅग जमिनीवरच राहू दे, फक्त रोप अडीच फुटांचं होईपर्यंत स्टुलावर. पुढे शेंडा उन्हात आणि मुळं सावलीत थंड, यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. मिरची दोन फुटांच्या पुढे फारशी जात नाही, तिला कायमचं स्टँड द्या. कोथिंबीर, पालक यांना तीन-चार तास पुरतात, त्या खाली भिंतीकडे.

चार तासांत मोठ्या फळांचा टोमॅटो रडत-रखडत येतो. चेरी टोमॅटो घ्या. लहान फळाला बूड काळं पडण्याचा त्रासही कमी.

फुलगळीबद्दल: फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, गुडघ्यासारखी. फूल गळण्याआधी तीच पिवळी पडते. गाठ पिवळी दिसली म्हणजे फलन झालं नाही किंवा झाडाने ते फूल सोडून दिलं. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री २४ च्या वर पारा राहिला तर परागच निकामी होतात, तेव्हा कितीही खत द्या, फळ धरणार नाही. पारा ठीक असेल तर सकाळी दहा-अकराला, पराग कोरडे असताना, फुलांच्या घोसामागे टिचकी मारा किंवा बॅटरीवरचा टूथब्रश दोन सेकंद टेकवा. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, फक्त हादरा लागतो. मोकळ्या पाचव्या मजल्यावर वारा ते करतो, म्हणून तुमच्याकडे नत्र आणि कमी ऊन यांच्यावर माझा जास्त संशय. कबुतरांसाठी जाळी लावली असेल तर मात्र टिचकी हवीच.

बीजवाला

कोथिंबीर. आडवी पडलेली रोपं जमिनीलगत बघा. देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट झाला असेल तर ती रोपांची मर, बुरशी. कारणं तीन: दाट पेरणी, अर्धवट कुजलेलं शेणखत, आणि वरचा थर सतत ओला. देठ निरोगी पण लांबुडका, फिकट आणि उजेडाकडे झुकलेला असेल तर ऊन कमी पडतंय. दोन्हींवर उपाय वेगळे, म्हणून आधी वाकून बघा.

धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा (प्रत्येक फाकीत एक बी असतं), भुगा होता कामा नये. १२ तास भिजवा, निथळून ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशीची पूड) चोळा. एक सेंटिमीटर खोल, ओळीत, दोन बियांत एक इंच. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, चौथ्या दिवशी उकरून बघू नका. पाणी सकाळी, उगवेपर्यंत फवाऱ्याने. भर उन्हाळ्यात पेरू नका, ३० अंशांच्या वर उगवण खालावते आणि उगवलेली लगेच फुलावर जाते. त्या दिवसांत मेथी करा, तीन-चार दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत काढणीला येते.

गॅलरीवाला

कोथिंबीर दोऱ्यासारखीच झाली आहे, दाट पेरली होती. जाळीही आहे. शेवटचं: आत्ताची टोमॅटोची झाडं मोठ्या बॅगेत हलवू की नवीन रोपं लावू?

खुरपं

खोड खालून हिरवं आणि शेंडा जोमदार असेल तर हलवा. मिरचीवर फुलकिडे असताना तिला मात्र हलवू नका, आधी तीन फवारण्या.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या. बॅग एक तृतीयांश भरून ठेवा. कुंडी आडवी करून बाजू दाबा, खोड न ओढता गड्डा सरकवून काढा. तळाशी खडीत गुरफटलेली मुळं कात्रीने कापा, कडेने गोल फिरलेल्या मुळांवर तीन उभे छेद द्या. खालची दोन-तीन पानं काढून खोड चार इंच जास्त खोल पुरा. टोमॅटोला पुरलेल्या खोडातून नवी मुळं फुटतात, मिरचीला हे करू नका. आधाराची काठी आत्ताच रोवा, महिन्याने रोवली तर मुळं तुटतील. काळी फळं, फुललेले घोस आणि पानांच्या बगलेतल्या फुटी काढून टाका. बॅगेतून पाणी झिरपेपर्यंत घाला आणि तीन दिवस सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पानं माना टाकतील. माती बोटभर खोलवर ओली असेल तर पाणी घालू नका, संध्याकाळी पानं उभी राहतात का ते बघा. खत दहा दिवसांनी.